बियाणं उगवलं नाही आणि आयोग बसत नाही : महाराष्ट्राच्या लोकप्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
तसेच महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय खासदार

विषय : जिल्हा ग्राहक आयोगांतल्या रिकाम्या खुर्च्या आणि आपलं दुर्लक्ष

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरांचे प्रवेश अर्ज ही रोजची कामं. त्याच टेबलावर लोक जळालेल्या मोटारींची बिलं, नाकारलेल्या विमा दाव्यांची पत्रं आणि न उगवलेल्या बियाण्याच्या रिकाम्या बॅगा घेऊन येतात, आणि त्यांच्या तक्रारी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन भरून देते. त्यातली एक तक्रार आमच्याच घरची आहे, माझ्या सासऱ्यांच्या नावावरची. या पत्रात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते.

पत्र आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आयोगाच्या दारावर चिकटवलेला एक कागद. सदस्य उपलब्ध नसल्याने कोरम पूर्ण होत नाही, सबब पुढील आदेशापर्यंत सुनावणी होणार नाही, असं त्यावर लिहिलंय. खाली प्रबंधकांची सही. वाड्या-वस्त्यांवरून पहिल्या एसटीने आलेली माणसं तो कागद वाचतात, ज्यांना वाचता येत नाही ती शेजारच्याला विचारतात, आणि पुन्हा स्टँडकडे चालू लागतात. कुणी आरडाओरडा करत नाही. मला याचाच राग येतो. आरडाओरडा करायचं काम आम्ही तुम्हाला निवडून देऊन तुमच्यावर सोपवलं होतं.

कोरमचा हा नियम आयोगातल्या कारकुनाने केलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ३६ सांगतं की जिल्हा आयोगाचं कामकाज अध्यक्ष आणि किमान एक सदस्य एकत्र बसूनच चालवतील. आयोगावर अध्यक्षाशिवाय किमान दोन सदस्य असले पाहिजेत, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे अध्यक्ष रोज वेळेवर येऊन बसले, पण दोन्ही सदस्यांच्या जागा रिकाम्या असल्या, तर एकही प्रकरण पुढे सरकत नाही. हा कायदा लोकसभेत ३० जुलै २०१९ ला आणि राज्यसभेत ६ ऑगस्टला मंजूर झाला, आणि जुलै २०२० पासून लागू झाला. या पत्राच्या वाचकांपैकी काहीजण त्या दिवशी सभागृहात होते. अध्यक्षाची किंवा सदस्याची मुदत कोणत्या तारखेला संपणार, हे तो रुजू होतो त्याच दिवशी सरकारला माहीत असतं. तरीही दरवेळी खुर्ची रिकामी झाल्यावर मग फाइल उघडते. वरातीमागून घोडं ते हेच.

याच कायद्यात मुदती किती स्पष्ट लिहिल्यात, ते एकदा वाचून बघा. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारणपणे २१ दिवसांत ठरवायचं. समोरच्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी १५ दिवस मिळतील. ४५ दिवसांच्या वर एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलं. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल, तर नोटीस पोहोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच महिन्यांत. तारीख वाढवून द्यायची तर कारण लिहून. उशीर झालाच तर तो का झाला, हेही लिहून. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीचं शुल्क शून्य. माझ्या टेबलावर आलेल्या माणसाला मी हे सगळं सांगते तेव्हा त्याचा चेहरा उजळतो. त्यानंतरचं सांगायला मला जीभ रेटत नाही.

आमच्या घरचं सांगते.

सासऱ्यांनी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातून सोयाबीनच्या बॅगा घेतल्या. पक्कं बिल घेतलं, त्यावर लॉट नंबर टाकून घेतला. बॅग खालच्या बाजूने फोडली, म्हणजे वरची शिलाई आणि टॅग शाबूत राहील. कृषी सहाय्यक सांगतात त्याप्रमाणे सगळं केलं. पाऊस चांगला झाला होता, वाफसा आल्यावर पेरणी केली. आठवडा गेला, तासं मोकळीच. कुठे हातभर अंतरावर एक कोंब, कुठे तोही नाही. बांधाच्या पलीकडे चुलत दिरांनी घरचं बियाणं पेरलं होतं, त्याच दिवशी, त्याच पावसावर. त्यांचं रान हिरवं झालं होतं. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असली पाहिजे, हे टॅगवरच छापलेलं असतं. आमच्या रानात किती टक्के उगवलं ते मोजायला तालुक्याची समिती आली. तालुका कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचा माणूस, कंपनीचा प्रतिनिधी. रानात चार ठिकाणी चौकट टाकून रोपं मोजली, माती उकरून कुजलेलं बी काढून बघितलं आणि पंचनामा केला. बियाणं सदोष असल्याचा अभिप्राय त्यात आहे. कंपनीच्या प्रतिनिधीनेही त्यावर सही केलीय.

तोवर दुबार पेरणीचे दिवसही निघून चालले होते. उसनवारी करून दुसऱ्या बॅगा आणल्या, उशिरा पेरल्या, शेंगा भरायच्या वेळी पाऊस उघडला. पुढचं शेतकरी असलेल्या आमदारांना सांगायला नको.

तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं ते इंग्रजीत, जाडजूड. मुद्दे तीनच : पेरणी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल झाली, जमिनीत पुरेशी ओल नव्हती, आणि बॅगा आदळआपट करून नेल्यामुळे बियाण्याचं नाजूक टरफल फुटलं. थोडक्यात, दोष शेतकऱ्याचा. शिवाय बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, त्याशिवाय दोष सिद्ध होत नाही, अशी मागणी. सगळं बी जमिनीत गेल्यावर नमुना कुठून आणायचा?

या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्येच दिलंय. राष्ट्रीय बीज निगमाच्या विरोधात आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी जिंकलेलं ते प्रकरण. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, तो बियाणं व्यापारासाठी घेत नाही, आणि पेरणीसाठी आणलेल्या बियाण्यातून पुढे कधी तपासणीला लागेल म्हणून नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. इतक्या वर्षांनंतरही प्रत्येक कंपनी प्रत्येक प्रकरणात तेच तुणतुणं वाजवते. कारण हरण्यासाठीसुद्धा आधी सुनावणी व्हावी लागते, आणि ती होत नाही हे कंपनीला आमच्याआधी कळलेलं असतं.

आमच्या प्रकरणात तक्रार झाली, उत्तर झालं, दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रं झाली. राहिला फक्त युक्तिवाद. तो ऐकायला खुर्चीत कोणी नाही. आधी अध्यक्षांची मुदत संपली आणि शेजारच्या जिल्ह्याच्या अध्यक्षांकडे अतिरिक्त कार्यभार आला. ते आठवड्यातले ठरावीक दिवस यायचे, आणि दोन जिल्ह्यांचा बोर्ड एका माणसाने उरकायचा म्हटल्यावर आमची पाळी येईस्तोवर दुपार कलायची. मग सदस्यही निवृत्त झाले आणि दारावर कागद लागला. कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही. तिथल्या लघुलेखकांनी आणि शिरस्तेदारांनी मला कायम नीट बोलून मदत केलीय. ते तरी काय करणार?

हे आमचं एकट्याचं रडगाणं नाही. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या होत्या. इतक्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात तुमच्यासमोर बोगस बियाणं, खतं, कीटकनाशकांपासून शेतकऱ्याला भरपाई मिळवून देणारी विधेयकं मांडली गेली, ती संयुक्त समितीकडे गेली, बियाणं विक्रेत्यांनी विरोधात दुकानं बंद ठेवली, टीव्हीवर चर्चा झडल्या. त्या गदारोळात कोणी असं विचारलं नाही की भरपाई मिळवून देणारा एक कायदा आपल्याकडे १९८६ पासून आहे, तो का चालत नाही? नवीन कायद्याची घोषणा करायला माइक लागतो. जुन्या कायद्याची खुर्ची भरायला पाठपुरावा लागतो, आणि पाठपुराव्याचा फोटो छापून येत नाही.

जागा का भरल्या जात नाहीत, याची गोष्ट लांबलचक आहे, पण ती तुमच्या सभागृहांतून सुरू होते म्हणून सांगते. नवा कायदा लागू करताना केंद्राने जुलै २०२० मध्ये नेमणुकांचे नियम काढले. जिल्हा आयोगाच्या सदस्यासाठी १५ वर्षांचा, राज्य आयोगासाठी २० वर्षांचा अनुभव, लेखी परीक्षा नाही, निवड समिती स्वतःची पद्धत स्वतः ठरवणार. असे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे लागतात आणि सदस्यांना त्यात बदल सुचवता येतो. ते काम शेवटी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला करावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी त्या तरतुदी रद्द केल्या. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, अनुभवाची अट १० वर्षांवर आणली आणि लेखी परीक्षा घ्यायला सांगितली. परीक्षा झाली, निवड झाली, निवडीवर पुन्हा खटले झाले, पुन्हा प्रकरण दिल्लीला. याआधी २०२१ मध्ये देशभरातल्या रिकाम्या जागांची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती, आणि हे आयोग चालवायचे नसतील तर कायदाच रद्द करून टाका, इथपर्यंत सुनावलं होतं. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्राला नवे नियम चार महिन्यांत करायला, सदस्यांची मुदत पाच वर्षांची ठेवायला आणि ग्राहकांच्या वादांसाठी कायमस्वरूपी न्यायव्यवस्था उभी करता येईल का, याचा प्रस्ताव द्यायला सांगितलं.

या सगळ्यात लोकप्रतिनिधी कुठे आहेत? न्यायालयाने विचारायचं, न्यायालयाने रागवायचं, न्यायालयाने मुदत द्यायची. विधिमंडळ आणि संसद यांनी फक्त कायदा मंजूर करून बाजूला व्हायचं का?

खासदारांना भेटलं तर ते म्हणतात, नेमणुका राज्य सरकार करतं. आमदारांना भेटलं तर ते म्हणतात, नियम केंद्राचे आहेत. दोघंही खरं बोलतात, आणि दोघांच्याही खऱ्या बोलण्याने आमच्या हाती काही लागत नाही. कायदा केंद्राचा, नियम केंद्राचे, पण जिल्हा आयोग स्थापन करणं, त्यावर माणसं नेमणं, त्याला कर्मचारी आणि जागा देणं ही राज्याची जबाबदारी आहे. एका जिल्ह्यातली खुर्ची रिकामी असेल तर दुसऱ्या आयोगाकडे तिथलं काम सोपवायचा अधिकारही राज्याकडेच आहे. अतिरिक्त कार्यभाराची ही सोय अडीअडचणीला म्हणून ठेवली होती. आमच्याकडे ती कायमचा कारभार झाली.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. जुलै २०१८ मध्ये नागपूरला अधिवेशन चालू असताना मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतील, अडवणाऱ्यांवर कारवाई होईल, असं राज्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर पॉपकॉर्न. पुढच्याच महिन्यात सरकारने उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की यात सरकारने हस्तक्षेप करायची गरज नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या राज्यातल्या प्रकरणात बाहेरचे पदार्थ अडवण्याचा हक्क थिएटरवाल्यांना आहे असा निर्वाळा दिला आणि विषय संपला. आमच्या तालुक्यात मल्टिप्लेक्स नाही, त्यामुळे निकाल कसाही लागला तरी आम्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण सभागृहात दिलेल्या शब्दाचं महिन्याभरात काय होतं, हे तेव्हा बघून ठेवलं. त्या शब्दाचं काय झालं हे पुढच्या अधिवेशनात विचारणं, हेच तर तुमचं काम.

आता बाकीच्या तक्रारी, थोडक्यात.

निकाल हातात पडला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी पाणबुडी मोटारीच्या दुकानदाराविरुद्ध निकाल जिंकला. दुकानदाराने ना अपील केलं, ना पैसे दिले. आता अंमलबजावणीसाठी वेगळी दरखास्त. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद कायद्यात आहे. पण दरखास्त चालवायलाही तोच कोरम लागतो. बाईंनी भरलेल्या पाण्याच्या टँकरची बिलं मोटारीच्या किमतीवर गेली.

तक्रार ऑनलाइन भरता येते, ही सोय चांगली आहे. २०२० मध्ये ई-दाखिल आलं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती. मी रोज वापरते म्हणून सांगते, घरबसल्या न्याय ही जाहिरात शहरातल्या लॅपटॉपवाल्याला लागू पडत असेल. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि मोबाइल मुलाबरोबर पुण्याला गेलेला असतो. पीडीएफ जोडून झाल्यावर छापील संचही द्या म्हणतात, मग नोटरी, झेरॉक्स आणि पुन्हा जिल्ह्याचा रस्ता. व्हिडिओवरून सुनावणी मागता येते असं कायद्यात आहे. ती मिळाली तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी वाचेल. पण समोर ऐकणारंच कोणी नसेल तर व्हिडिओ लावून काय दाखवायचं?

कंपन्यांची उत्तरं इंग्रजीत येतात. तक्रारदार मराठीत तक्रार करतो, पंचनामा मराठीत असतो, आणि त्याच्यावर काय आरोप केलेत हे कळायला त्याला वकील किंवा माझ्यासारखी मध्यस्थ लागते. वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता यावी म्हणून केलेला कायदा आहे ना हा?

आणि ग्राहक संरक्षण परिषदा. राज्याच्या परिषदेचे अध्यक्ष खात्याचे मंत्री, जिल्ह्याच्या परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दोन्हींच्या वर्षाला किमान दोन बैठका झाल्याच पाहिजेत, असं कायदा सांगतो. आमच्या जिल्ह्यातल्या बैठकीचं इतिवृत्त मी मागितलं, ते मिळालं नाही. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन मात्र चुकत नाही. सभागृहात फ्लेक्स लागतो, शाळेची पोरं आणून बसवतात, जागो ग्राहक जागो होतं, १९१५ वर फोन करा असं सांगतात. तो नंबर वाईट नाही. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे पैसे अडकले तर मी स्वतः लोकांना लावून देते आणि बऱ्याचदा काम होतं. पण न उगवलेल्या एकराची भरपाई फोनवर मिळत नाही.

हे महाराष्ट्रात व्हावं, याची लाज जास्त वाटते. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशात ग्राहक कायदा यायला त्यानंतर ११ वर्षं लागली. ज्या राज्यातल्या माणसांनी कायदा नसताना चळवळ चालवली, त्या राज्याला कायदा असताना दोन सदस्य नेमता येत नाहीत.

आता आमच्या मागण्या. नवीन कायदा नको, नवीन योजना नको, कोणाच्या नावाची अभियानं तर अजिबात नकोत.

राज्यातल्या प्रत्येक जिल्हा आयोगात अध्यक्ष आणि सदस्यांच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरल्यात, रिकाम्या जागा कोणत्या तारखेपासून रिकाम्या आहेत, आणि कोरमअभावी किती दिवस कामकाज बंद राहिलं, याची जिल्हावार माहिती सरकारने येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावी. त्यासाठी तारांकित प्रश्न लावा, लक्षवेधी द्या, अर्धा तास चर्चा मागा. ही हत्यारं आमच्याकडे नाहीत, फक्त तुमच्याकडे आहेत.

प्रत्येक पदाची मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी निवड प्रक्रिया सुरू झालीच पाहिजे, असा शासन निर्णय काढायला लावा. तोपर्यंत ज्या आयोगांचा कोरम मोडला आहे, तिथलं काम शेजारच्या पूर्ण आयोगाकडे तातडीने सोपवावं आणि त्या आयोगाने महिन्यातून ठरलेले दिवस आमच्या जिल्ह्यात येऊन बसावं. आम्हाला दुसऱ्या जिल्ह्यात बोलावू नये.

बियाण्याच्या तक्रारींमध्ये जिथे समितीचा पंचनामा झालाय आणि फक्त युक्तिवाद राहिलाय, अशी प्रकरणं वेगळी काढून पुढच्या पेरणीच्या आत निकाली काढायची सोय व्हावी. नेमणुका करणं सरकारच्या हातात आहे, निकाल आयोगाच्या. आम्ही पहिलं मागतोय.

कंपन्यांनी दिलेल्या इंग्रजी उत्तराचा मराठी अनुवाद तक्रारदाराला मोफत मिळावा. जिल्हा परिषदांच्या, म्हणजे ग्राहक संरक्षण परिषदांच्या, बैठकांची इतिवृत्तं जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावीत. बैठक झाली नसेल तर तसं लिहावं.

खासदारांसाठी वेगळं मागणं : कायमस्वरूपी ग्राहक न्यायव्यवस्थेबाबत सर्वोच्च न्यायालयाने जे विचारलंय, त्यावर महाराष्ट्रातल्या सदस्यांनी संसदेत बोलावं. तुमची भूमिका काहीही असू दे, ती नोंदवली जाऊ दे. आणि यापुढे नेमणुकांचे नियम पटलावर आले की ते वाचा. नागपूरच्या वकिलांनी वाचले तसे.

आमच्या पाच गावांतल्या तक्रारदारांच्या सह्यांचा अर्ज आम्ही विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीसाठी तयार केलाय. तो सभागृहात मांडायला एका सदस्याची सही लागेल. पक्ष कोणता, याच्याशी आम्हाला घेणंदेणं नाही. जो सदस्य पुढे येईल त्याच्या मुंबईच्या किंवा मतदारसंघातल्या कार्यालयात अर्ज, पंचनाम्याच्या प्रती आणि दारावरच्या त्या कागदाचा फोटो आम्ही स्वतः आणून देऊ. उत्तर लेखी आणि मराठीत पाठवावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक सोयाबीन उत्पादक सून आणि ई-सेवा केंद्रचालक,
मराठवाडा